पडद्यावरील चलत्-चित्राचे ग्रहण

दूरचित्रवाणी संचाच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर क्षणभरच उमटणारे चित्र फिल्म, चुंबकीय फीत वा संगणकाची स्मृती यांसारख्या टिकाऊ माध्यमावर उतरवून घेणे, या क्रियेस पडद्यावरील चित्राचे ग्रहण असे म्हणतात. आज संगणकावरील एक कळ दाबून ही क्रिया घडवून आणता येते व त्यामुळे ती अगदी सामान्य वाटते. तथापि असे उतरविलेले चित्र मूळ चित्राहून नेहमीच थोडेफार निकृष्ट का असते आणि तो निकृष्टपणा कसा कमी करावा, हा प्रश्न दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे. १९४७ ते १९७० या काळातील दूरचित्रवाणीचे जे कार्यक्रम आज पाहावयास मिळतात, त्यांपैकी पुष्कळसे केवळ कोणीतरी पडद्यासमोर कॅमेरा ठेवला म्हणून शिल्लक राहिले आहेत. त्यांचा दर्जा सुधारण्याच्या खटपटीतूनच संगणकीय ग्रहणाच्या अनेक पद्धती पुढे आल्या आहेत.

प्रश्नाचे स्वरूप : कागदावरील छायाचित्रात संपूर्ण चित्र एकाच वेळी अस्तित्वात असते. ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील चित्राचे तसे नसते. इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या आतील बाजूच्या प्रस्फुरक लेपावर एकामागून एक आडव्या रेषा ओढत जाते आणि कोणत्याही एका क्षणी पडद्यावर खऱ्या अर्थाने एकच बिंदू पूर्ण तेजाने प्रकाशत असतो. त्या बिंदूच्या मागील भाग मंदावत असतो व पुढील भाग अजून उजळावयाचा असतो. सबंध चित्र दिसते ते लेपाच्या अनुप्रकाशामुळे व डोळ्याच्या दृष्टिसातत्यामुळे. कॅमेऱ्यास दृष्टिसातत्य नसते. यात आणखी भर अशी की, चित्राची लुकलुक टाळण्यासाठी प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत काढतात. पहिल्या हप्त्यात विषम क्रमांकाच्या व दुसऱ्यात सम क्रमांकाच्या रेषा येतात. अशा प्रत्येक हप्त्यास क्षेत्र असे म्हणतात. भारत व यूरोप येथील पद्धतीत दर सेकंदास ५० व अमेरिकेतील पद्धतीत ६० क्षेत्रे असतात. म्हणजे एका चौकटीतील दोन अर्धी चित्रे एकाच क्षणाची नसतात. त्यांत अनुक्रमे १/५० व १/६० सेकंदाचे अंतर असते. धावणारा घोडा तेवढ्या वेळात पुढे सरकलेला असतो. या एका गोष्टीने पुढील सत्तर वर्षे तंत्रज्ञांना पुरेसे काम दिले.

आरंभीचे प्रयत्न : स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. त्यांचे चित्र अवघ्या ३० रेषांचे असे. इतक्या अल्प तपशिलाचा संदेश ध्वनीच्या कंप्रतांमध्ये सामावत असल्यामुळे बेअर्ड यांनी तो १९२७-२८ मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केला व या पद्धतीस ‘फोनोव्हिजन’ असे नाव दिले. पहिली तबकडी सप्टेंबर १९२७ मधील असून काही तबकड्यांवर ‘स्टूकी बिल’ या बाहुल्याचा चेहरा आहे. प्रखर दिव्यांचा ताप माणसास सोसवत नसे, म्हणून बाहुला. तबकडी फिरण्याच्या वेगातील बारीकसा चढउतारही चित्र विस्कटून टाकी व बेअर्ड यांना त्या काळी या तबकड्यांवरून समाधानकारक चित्र परत मिळविता आले नाही. डॉनल्ड मॅक्लीन या अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकात संगणकाच्या साहाय्याने रेषांच्या कालमापनातील दोष काढून टाकले, तेव्हा त्यांतील चेहरे प्रथमच नीट दिसू लागले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, बेअर्ड यांनी पडदा नव्हे तर पडद्याकडे जाणारा संदेश मुद्रित केला होता. म्हणूनच अर्ध्या शतकानंतरही तो दुरुस्त करता आला. पुढे मात्र दूरचित्रवाणीच्या रेषा वाढल्या, संदेशाची पट्टरुंदी ध्वनिमुद्रणाच्या आवाक्याबाहेर गेली आणि पडद्याचेच छायाचित्र घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

अमेरिकेतील फिल्म-ग्रहण : १९४७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने दूरचित्रवाणीच्या पडद्याचे चित्रण करणारा खास कॅमेरा तयार केला. एनबीसी व ड्यूमाँट या संस्थांचे साहाय्य त्यास होते. तेथे दूरदर्शक नलिकेस ‘किनेस्कोप’ म्हणत, त्यावरून या फिल्मलाही तेच नाव पडले. या तंत्राची निकड भूगोलातून उद्‌भवली होती. न्यूयॉर्क व पश्चिम किनारा यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर असल्याने न्यूयॉर्कमध्ये रात्री ९ वाजता होणारा कार्यक्रम लॉस अँजेल्समध्ये सायंकाळी ६ वाजता दिसे व त्या वेळी प्रेक्षक घरी पोचलेलेही नसत. सप्टेंबर १९५१ पूर्वी तर दोन किनाऱ्यांमध्ये दूरचित्रवाणीची जोडणीच नव्हती, त्यामुळे फिल्म विमानाने पाठवावी लागे. जोडणी झाल्यावर पश्चिमेकडील केंद्रात पडद्यावरून फिल्म घ्यावयाची, ती ओलीसुकी धुऊन तीन तासांत पुन्हा प्रक्षेपित करावयाची, असा क्रम सुरू झाला. अशा फिल्मला तंत्रज्ञ गमतीने ‘गरम’ फिल्म म्हणत.

यातील मुख्य अडचण अंकगणिताची होती. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदास २४ चौकटी घेतो व दूरचित्रवाणी ६० क्षेत्रे दाखविते. फिल्मच्या एका चौकटीस मिळणारा वेळ १/२४ म्हणजे ५/१२० सेकंद होय. दोन क्षेत्रांचे पूर्ण चित्र टिपण्यास ४/१२० सेकंद लागतात. उरलेल्या १/१२० सेकंदात झडप मिटवून फिल्म एका चौकटीने पुढे ओढली पाहिजे. नेहमीच्या चित्रपट-कॅमेऱ्यास यासाठी याच्या दुपटीहून अधिक वेळ मिळतो. म्हणून फिल्म ओढण्याची यंत्रणाच नव्याने रचावी लागली. शिवाय १/१२० सेकंद म्हणजे बरोबर अर्धे क्षेत्र. त्यामुळे एकाआड एक चौकटीचे चित्रण पडद्याच्या मध्यावर सुरू होऊन मध्यावरच संपे. झडप किंचित जरी लवकर वा उशिरा मिटली, तरी त्या सांध्यावर एक काळा किंवा पांढरा आडवा पट्टा उमटे. जुन्या अमेरिकन फिल्मांमध्ये चित्राच्या मधोमध थरथरणारा जो पट्टा दिसतो, तो याच सांध्याचा होय. या हिशोबात दर सेकंदास ६० पैकी १२ क्षेत्रे कायमची गमावली जात, ती वेगळीच.

दर्जा सुधारण्यासाठी नाना उपाय योजण्यात आले. ग्रहणाच्या नलिकेस निळसर प्रकाश देणारा व लवकर विझणारा लेप देण्यात आला. फिल्मचे रसायन निळ्या प्रकाशास अधिक संवेदी असल्याने बारीक कणांची, मंद फिल्म वापरता येऊ लागली. पडद्यावर चित्र इलेक्ट्रॉनीय रीत्या उलटे, म्हणजे काळ्याचे पांढरे करून दाखविले, तर धुतलेली फिल्म थेट सुलट चित्र देई. एक प्रत काढण्याचा वेळ आणि त्यातील दर्जाची घट अशी दोन्ही वाचत. तरीही पडद्याची वक्रता, भिंगातील दोष, फिल्मचे कण आणि गडद भागांतील तपशिलाचा लोप यांची बेरीज होऊन परिणामी चित्र धूसर व खरखरीत होई. ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचे निर्माते डेझी आर्नाझ व ल्यूसिल बॉल यांनी १९५१ मध्ये हा मार्गच नाकारला आणि हॉलिवुडमध्ये प्रेक्षकांसमोर तीन चित्रपट-कॅमेऱ्यांनी ३५ मिमी. फिल्मवर चित्रण केले. खर्च वाढला, परंतु ती मालिका आजही स्वच्छ दिसते आणि तिच्या समकालीन अनेक मालिका धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसतात. ग्रहणाचा दर्जा सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पडद्यावरून ग्रहण न करणे, हा या प्रकरणाचा निष्कर्ष संगणकाच्या बाबतीतही पुढे खरा ठरला.

ब्रिटनमधील प्रयोग : ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी सेकंदास २५ चौकटींची असल्याने फिल्मही त्याच वेगाने चालविता येई व वरील अंकगणित सोपे होई. परंतु त्याऐवजी दुसरा पेच उभा राहिला. दोन क्षेत्रांच्या मध्ये पडदा निष्क्रिय असण्याचा काळ सुमारे १·४ मिलिसेकंदच होता. तेवढ्यात फिल्म ओढणे म्हणजे ती फाडणेच. बीबीसीच्या अभियंत्यांनी यावर तीन वेगवेगळ्या वाटा काढल्या. १९४७ मध्ये त्यांनी जर्मन बनावटीच्या मेखाऊ प्रक्षेपकाचे रूपांतर केले. त्यात फिल्म न थांबता सरकत राही व फिरत्या आरशांच्या योगाने चित्र तिच्याबरोबर सरकविले जाई. दुसरी वाट अधिक सोपी पण महाग पडणारी होती : एक क्षेत्र टिपावयाचे आणि दुसरे चालू असताना झडप मिटवून फिल्म ओढावयाची. यात ४०५ रेषांच्या पद्धतीतील दिसणाऱ्या सुमारे ३७७ रेषांपैकी निम्म्याच फिल्मवर येत. तिसरी वाट चातुर्याची होती. पहिले क्षेत्र उमटत असताना फिल्म ओढून घ्यावयाची आणि दुसरे क्षेत्र सुरू होताच झडप उघडावयाची. पडद्यास सावकाश विझणारा लेप दिलेला असल्याने पहिल्या क्षेत्राचा अनुप्रकाश अजून शिल्लक असे व दोन्ही क्षेत्रे एकत्र टिपली जात. पहिले क्षेत्र तोवर मंदावलेले असे, म्हणून ते मुळातच अधिक तेजस्वी दाखवीत. रेषांमधील काळ्या फटी बुजविण्यासाठी शलाकेस अतिशय जलद उभी थरथर देण्याचीही युक्ती होती. रेषा त्यामुळे जाड होऊन एकमेकींस चिकटत व चित्र फिल्मसारखे सलग दिसे.

ब्रिटनमधील शिल्लक उरलेल्या सर्वांत जुन्या ग्रहणांपैकी एक ऑक्टोबर १९४७ मधील एका संगीत-कार्यक्रमाचे आहे. नोव्हेंबर १९४७ मधील राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहसोहळ्याचेही ग्रहण करण्यात आले. २ जून १९५३ रोजी त्यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी पडद्यावरून घेतलेली फिल्म लढाऊ विमानदलाच्या कॅनबेरा जातीच्या विमानांनी अटलांटिकपार नेण्यात आली व कॅनडातील प्रेक्षकांना सोहळा त्याच दिवशी दिसला. याउलट दैनंदिन कार्यक्रमांच्या ग्रहणाची स्थिती ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या १९५३ च्या उन्हाळ्यातील मालिकेवरून कळते. तिच्या सहा भागांपैकी पहिल्या दोहोंचेच ग्रहण झाले. दुसऱ्या भागाचे ग्रहण चालू असताना एक कीटक पडद्यावर येऊन बसला व तो फिल्मवर कायमचा उमटला. उरलेले चार भाग प्रक्षेपणाबरोबरच विरून गेले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता कीटकासह उरलेले दोन भाग हे न उरलेल्या चार भागांहून केव्हाही अधिक मोलाचे आहेत.

फीत आणि विस्मरण : १४ एप्रिल १९५६ रोजी अँपेक्स कंपनीने शिकागो येथे दोन इंच रुंद फितीवर दूरचित्रवाणीचा संदेश मुद्रित करणारे यंत्र दाखविले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी सीबीएसने त्यावरून पहिले विलंबित प्रक्षेपण केले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखालील या गटात पुढे ध्वनिक्षेत्रात नावाजलेले तरुण रे डॉल्बी हेही होते. फितीवरील चित्र थेट प्रक्षेपणापासून ओळखू येऊ नये इतके चांगले असे. पडद्यासमोरचा कॅमेरा आता निरुपयोगी ठरेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. फीत महाग होती व पुसून पुन्हा वापरता येई. साहजिकच ती पुसली गेली. १९६० ते १९७५ च्या सुमारास अनेक देशांतील दूरचित्रवाणी संस्थांनी आपल्या फिती अशा तऱ्हेने पुसल्या. दूरच्या देशांना विकण्यासाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्म मात्र उरल्या, कारण फिल्म पुसता येत नाही. उत्तम दर्जाचे मुद्रण नष्ट झाले व हलके मानलेले ग्रहण टिकले, असा हा विपर्यास आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे १९६० नंतरच्या दशकातील जे भाग आज पाहता येतात, ते बहुतेक अशाच फिल्मांवरून.

चंद्रावरील चित्र : पडद्यावरून ग्रहण करण्याचा सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत हळहळ लावणारा प्रसंग जुलै १९६९ मधील आहे. अपोलो-११ च्या चांद्रयानावरील संदेशवाहिनीत दूरचित्रवाणीसाठी फार थोडी पट्टरुंदी शिल्लक होती. म्हणून वेस्टिंगहाउस कंपनीचा कॅमेरा सेकंदास केवळ १० चौकटी व प्रत्येकीत ३२० रेषा असे संथ, अखंड क्रमवीक्षणाचे चित्र पाठवी. ते पृथ्वीवर अमेरिकेतील गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक व पार्क्स येथील मोठ्या आकाशकांनी टिपले. जगातील कोणताही घरगुती संच हे चित्र दाखवू शकत नव्हता. त्यावर योजलेला उपाय अगदी प्राथमिक होता. संथ चित्र एका लहान पडद्यावर दाखवावयाचे व त्यासमोर नेहमीचा दूरचित्रवाणी कॅमेरा रोखून धरावयाचा. प्रत्येक चौकटीचे एक क्षेत्र टिपून ते चुंबकीय चकतीवर साठविले जाई व आणखी पाच वेळा दाखविले जाई. अशा रीतीने १० चौकटींची ६० क्षेत्रे होत.

हे रूपांतर करताना उजळ व गडद भागांतील छटा मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या. हलणाऱ्या अंतराळवीराच्या मागे भुताटकीसारखी सावली ओढली गेली. गोल्डस्टोनचे चित्र आरंभी उलटे दिसत होते, कारण कॅमेरा यानात उलटा बसविलेला होता. उलटसुलट करण्याची कळ दाबल्यावरही त्यातील छटा फारच भडक राहिल्या, म्हणून नील आर्मस्ट्राँग यांचे पहिले पाऊल जगाने हनीसकल क्रीककडून आलेल्या चित्रातून पाहिले. काही मिनिटांनी पार्क्सचे चित्र घेण्यात आले व शेवटपर्यंत तेच वापरले गेले. पुढे उपग्रह व तारा यांतून ह्यूस्टनला पोचेपर्यंत त्यात आणखी भेसळ झाली. ऑस्ट्रेलियातील केंद्रात जे मोजके तंत्रज्ञ संथ पडद्यासमोर बसले होते, त्यांना मात्र कितीतरी स्वच्छ चित्र दिसत होते. त्या पडद्याची तेथे घेतलेली स्थिर छायाचित्रे व एक हौशी ८ मिमी. फिल्म यांवरून हा फरक कोणासही पडताळून पाहता येतो. सुमारे ६० कोटी लोकांनी पाहिलेले चित्र हे पडद्याचे चित्र होते. मूळ चित्र पाहणाऱ्यांची संख्या फार थोडी होती.

मूळ संथ संदेश दूरमापनाच्या एक इंची, चौदा मार्गांच्या फितींवर मुद्रित झालेला होता. त्या फितींवरून आधुनिक संगणकाने थेट चित्र तयार केले असते, तर मधला पडदा व कॅमेरा वगळता आला असता. नासाने काही निवृत्त अभियंत्यांच्या पुढाकाराने त्यांचा शोध घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या फिती इतर हजारो फितींबरोबर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. तेव्हा दुसरा मार्ग उरला. सीबीएसच्या संग्रहातील मुद्रण, ह्यूस्टनमधील फिल्म आणि ऑस्ट्रेलियातील प्रती अशा निरनिराळ्या मार्गांनी टिकलेल्या प्रती गोळा करून प्रत्येक प्रसंगासाठी त्यांतील सर्वांत चांगली निवडण्यात आली व कॅलिफोर्नियातील लोरी डिजिटल या संस्थेने त्यांवर संगणकीय संस्करण केले. जुलै २००९ मध्ये त्याचे काही भाग दाखविण्यात आले. लागोपाठच्या चौकटींमध्ये जे स्थिर राहते ते चित्र व जे यदृच्छ बदलते ती खरखर, या तत्त्वावर अशा संस्करणाचा मोठा भाग उभा असतो. एकाच दृश्याच्या चार चौकटींची सरासरी काढली, तर खरखर निम्मी होते. सोळांची काढली, तर चौथा हिस्सा उरते. परंतु चकचकाटात किंवा काळोखात जो तपशील पहिल्या ग्रहणातच गेला, तो कोणत्याही सरासरीने परत येत नाही.

हरवलेले रंग : तपशील गेला असे वाटत असताना तो दडून बसलेला सापडल्याचे एक उदाहरण आहे. यूरोपातील रंगीत दूरचित्रवाणीत रंगाची माहिती सुमारे ४·४३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या उपवाहक तरंगावर स्वार करून तेजाच्या संदेशातच मिसळलेली असते. असा संदेश कृष्णधवल पडद्यावर दाखविला, तर रंगाचा तरंग अतिसूक्ष्म ठिपक्यांच्या जाळीच्या रूपाने दिसतो. फिल्म-ग्रहणाच्या वेळी हे ठिपके गाळून टाकणे हा शिष्टसंमत मार्ग होता, पण अनेकदा तो आळसाने वा घाईने पाळला गेला नाही. त्यामुळे रंगीत कार्यक्रमांच्या कृष्णधवल फिल्मांवर ही जाळी उमटून राहिली. ती अनेक वर्षे दोष म्हणून गणली गेली. बीबीसीतील तंत्रज्ञांच्या लक्षात आले की, ठिपक्यांची मांडणी म्हणजेच रंगाची नोंद होय. फिल्म अतिशय सूक्ष्म विभेदनाने संगणकात घ्यावयाची, पडद्याच्या वक्रतेमुळे व फिल्मच्या आकुंचनामुळे वाकलेल्या रेषा सरळ करावयाच्या आणि ठिपक्यांची कला मोजून रंग ठरवावयाचा, अशी ही पद्धत आहे. यासाठी रिचर्ड रसेल यांनी संगणकाचा कार्यक्रम लिहिला. १९६९ मधील ‘डॅड्‌स आर्मी’ मालिकेचा एक भाग, ज्याची केवळ कृष्णधवल फिल्म उरली होती, तो १३ डिसेंबर २००८ रोजी बीबीसीने पुन्हा रंगांत दाखविला. तंत्रज्ञांनी ग्रहण नियमाबरहुकूम केले असते, तर हे शक्य झाले नसते.

गतीच्या बाबतीतही असाच प्रयत्न झाला. फिल्मवर सेकंदास २५ चौकटी असतात, तर मूळ प्रक्षेपणात ५० क्षेत्रे होती, म्हणून फिल्मवरील हालचाल मूळ प्रक्षेपणासारखी सुळसुळीत दिसत नाही. लागोपाठच्या चौकटींतील वस्तूंच्या हालचालीचा अंदाज घेऊन मधली क्षेत्रे संगणकाने तयार करण्याची पद्धत २००० च्या सुमारास विकसित झाली व जुन्या ब्रिटिश मालिकांसाठी वापरली गेली. ही क्षेत्रे खरी नसून अनुमानित असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

संगणकाचा पडदा : आरंभी संगणकाच्या पडद्यावरील चित्र कागदावर घेण्यासाठीही आंदोलनदर्शकाप्रमाणे कॅमेरा व काळा पडदोळा वापरीत. चित्रबिंदूंची संख्यारूप नोंद ठेवणारी चौकट-स्मृती आल्यावर चित्र बदलले. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ ही प्रणाली चालू केली. तीत ६४० × ४८० चित्रबिंदू, प्रत्येकास आठ अंक, म्हणजे सुमारे तीन लक्ष बाइट स्मृती होती व दूरचित्रवाणी कॅमेऱ्याची चौकट थेट तीत साठविता येई. तिने टिपलेल्या पहिल्या चित्रात स्वतः शूप यंत्र ‘काही अंशी’ चालत असल्याची पाटी धरून उभे आहेत. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकावर पडदा छापण्याची कळ होती, तिचे काम मात्र पडद्यावरील अक्षरे मुद्रकाकडे धाडणे एवढेच होते. पुढे चित्रमय प्रणालींत त्याच कळेने पडद्याची प्रत स्मृतीत येऊ लागली.

१९९० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणकावर चलत्-चित्र दिसू लागले, तेव्हा या कळेने एक विचित्र अनुभव दिला. पडद्याची प्रत घेतली असता चलत्-चित्राच्या जागी काळा चौकोन येई. कारण असे की, मंद प्रक्रियकावरील भार हलका करण्यासाठी चित्रपटाच्या चौकटी मुख्य चित्र-स्मृतीत न ठेवता वेगळ्या कप्प्यात ठेवीत आणि चित्रपत्रिका त्या अगदी शेवटी, पडद्याकडे जाताना मिसळीत असे. मुख्य स्मृतीत त्या जागी केवळ एकरंगी ठिगळ होते व प्रत त्याचीच निघे. पत्रिकेचे साहाय्य बंद करणे किंवा चित्र दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्याच आज्ञेने चौकट मागून घेणे, हे त्यावरील उपाय होत. २००७ नंतरच्या प्रणाली सर्व खिडक्या पत्रिकेतच एकत्र जुळवू लागल्या, तेव्हा हा चौकोन बव्हंशी नाहीसा झाला. स्वामित्वरक्षणासाठी कूटबद्ध केलेल्या चित्रपटांच्या बाबतीत तो अद्यापही हेतुपुरस्सर दाखविला जातो.

काळा चौकोन गेल्यावर जुने दोष नव्या रूपात पुढे आले. चित्रफितीवरून घेतलेल्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. हीच ती १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन क्षेत्रे, एकमेकांत विणलेली. १९७२ पासूनच्या मुंबई दूरदर्शन केंद्राच्या, तसेच घरगुती चित्रफितींवरील ६२५ रेषांच्या कार्यक्रमांतून चौकट काढतानाही हा अनुभव येतो. एक क्षेत्र टाकून देऊन उरलेल्यातून गाळलेल्या रेषा भरून काढणे, हा साधा उपाय. त्यात बीबीसीच्या जुन्या एकक्षेत्र पद्धतीप्रमाणेच निम्मा तपशील जातो. स्थिर भागांत दोन्ही क्षेत्रे ठेवून केवळ हलणाऱ्या भागांतच एक क्षेत्र वापरणारे उपाय अधिक चांगले. चेहरे लांबट किंवा फुगट दिसण्याचे कारण वेगळे. अंकीय दूरचित्रवाणीतील ७२० × ५७६ हे चित्रबिंदू चौरस नसतात, संगणकाचे असतात. चित्र ७६८ × ५७६ असे रुंद केले की प्रमाण बसते. चित्र फिकट, धुतल्यासारखे दिसले, तर तेजाच्या मापनपट्टीतील घोळ समजावा. दूरचित्रवाणीत काळा रंग १६ व पांढरा २३५ मानतात, संगणकात तेच ० व २५५.

संकोचनामुळे येणारे दोष अधिक चिवट असतात. १९९० नंतरच्या दशकातील एमपेग मानकांत व त्यांच्या वंशजांत थोड्याच चौकटी संपूर्ण साठविलेल्या असतात, उरलेल्यांत केवळ शेजारच्या चौकटींहून असलेला फरक असतो. म्हणून कोणत्याही क्षणाची प्रत घेण्याऐवजी दोन-चार चौकटी पुढेमागे पाहून, शक्यतो दृश्य स्थिर असताना संपूर्ण चौकटीजवळची प्रत घेतल्यास ती स्वच्छ येते. अशी प्रत पुन्हा चौकोनी ठोकळे पाडणाऱ्या जेपेग स्वरूपात न ठेवता १९९६ च्या पीएनजीसारख्या अक्षत स्वरूपात ठेवावी. रंगाचा तपशील आडवा व उभा निम्माच साठविण्याची दूरचित्रवाणीची जुनी काटकसर चेहऱ्यांवर खपून जाते, परंतु संगणकाच्या पडद्यावरील लाल अक्षरे तिने फिसकटतात. म्हणून सबंध पडद्याचे चलत्-चित्रण करताना, विशेषतः शिकविण्यासाठी, रंगाचे पूर्ण विभेदन ठेवणे, मूळ पडद्याच्या मापातच ग्रहण करणे व माप बदलणे शेवटी एकदाच करणे श्रेयस्कर ठरते. २०१२ च्या सुमारास आलेल्या प्रणालींनी पत्रिकेतील तयार चौकट थेट ग्रहणाच्या कार्यक्रमास देण्याची सोय केली, तेव्हापासून मंद संगणकावरही चौकटी गळणे पुष्कळ कमी झाले. जेथे मूळ चित्रपट-नोंदच हाती असते, तेथे आजही पडद्याची प्रत न घेता नोंदीतून चौकट काढणे हेच जाणकार पसंत करतात.